गुडघा बदलल्यावर मांडीत ताकद कशी आणायची: पहिल्या सहा आठवड्यांचा हिशेब

प्रश्न: आईच्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया होऊन 12 दिवस झाले. वॉकर धरून ती घरात चालते. पण झोपून पाय सरळ उचलायला सांगितला, की टाच गादीवरून सुटण्याआधीच गुडघा वाकतो आणि मांडी थरथरते. एक जण म्हणतो पायाला वजन बांधून व्यायाम सुरू करा, दुसरा म्हणतो टाके निघेपर्यंत आराम करू द्या. नक्की काय करायचं?

उत्तर:

वजन आत्ता बांधू नका आणि आईंना झोपवूनही ठेवू नका. बाराव्या दिवशी पाय उचलताना गुडघा वाकणं ही या टप्प्यावर बऱ्याच जणांची अवस्था असते. याला एक्स्टेन्सर लॅग म्हणतात. दुसऱ्याने हाताने उचलून धरला तर गुडघा जेवढा सरळ होतो, तेवढा स्वतःच्या ताकदीवर होत नाही. असा लॅग असताना घोट्याला वजन बांधलं, की गुडघा आणखी वाकतो. पाय कसाबसा वर जातो तो जांघेतल्या स्नायूंच्या जोरावर, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो मांडीचा स्नायू स्वस्थ पडून राहतो.

एक खात्री मात्र आधी करून घ्या. पाय पूर्वी सरळ उचलता येत होता आणि मग अडखळल्यावर किंवा गुडघ्यात काही तुटल्यासारखं वाटून अचानक उचलता येईनासा झाला, असं घडलेलं असेल तर ही व्यायामाची बाब नाही. गुडघ्याच्या वाटीच्या वरचं किंवा खालचं टेंडन (स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणारा दोरीसारखा पट्टा) तुटलेलं असू शकतं, किंवा वाटीलाच तडा गेलेला असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी सर्जनना दाखवायचं. तुमच्या वर्णनावरून तसं दिसत नाही. सुरुवातीपासूनच पाय उचलला जात नसेल, तर पुढचं वाचा.

मांडी ऐकत का नाही

मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू म्हणजे क्वाड्रिसेप्स. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात त्याची ताकद निम्म्याहून खाली येते. एवढ्या थोड्या दिवसांत स्नायू तितका झिजत नाही. थोडी झीज होतेच, पण मोठा वाटा वेगळ्या कारणाचा असतो: स्नायूला मिळणारा हुकूमच दबलेला असतो. सांध्यात रक्त आणि पाणी साचलं की त्याचं आवरण ताणलं जातं, तिथल्या मज्जातंतूंचे संदेश मज्जारज्जूकडे जातात आणि मज्जारज्जू क्वाड्रिसेप्सला जाणारा हुकूम आखडता घेतो. निरोगी गुडघ्यात सुईने नुसतं सलाईन सोडून हे तपासलेलं आहे. 20 ते 30 मिलिलिटर, म्हणजे मोठे दोन चमचे पाणी गेलं तरी मांडीचा आतल्या अंगाचा भाग ढिला पडतो. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यातली सूज याहून कितीतरी जास्त असते.

शिवाय नेहमीच्या पद्धतीत सांध्यापर्यंत पोहोचण्यासाठी क्वाड्रिसेप्सच्या टेंडनला आतल्या कडेने उभा छेद देऊन तो परत शिवलेला असतो. ती शिवण भरून यायला साधारण सहा आठवडे जातात. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत स्नायूला काम द्यायचं, पण हिसका द्यायचा नाही.

यातून क्रम ठरतो. आधी सूज उतरवायची, मग स्नायू जागा करायचा, मग त्यावर भार टाकायचा. वजन बांधा म्हणणारा तिसऱ्या पायरीवरून सुरू करतोय. आराम करा म्हणणारा पहिलीवरच थांबतोय आणि तीही अर्धवटच, कारण पोटरी आणि मांडीचे स्नायू आवळले-सोडले नाहीत तर सूज उतरायलाही वेळ लागतो.

टाक्यांची भीती बाळगू नका. कोरडी, नीट जुळलेली जखम मांडी आवळल्याने किंवा गुडघा हळू वाकवल्याने उघडत नाही. कातडी ओढल्यासारखी वाटते, ते साहजिक आहे. सिमेंटने बसवलेला सांधा ऑपरेशनच्या टेबलावरच घट्ट झालेला असतो आणि बहुतेकांना पहिल्याच दिवसापासून पूर्ण वजन टाकायची मुभा असते. दुसऱ्यांदा बदललेला सांधा, ऑपरेशनच्या वेळी हाडाला गेलेला तडा किंवा वाटीखालचा हाडाचा उंचवटा कापून बसवलेला असणं, ही यातली अपवादाची उदाहरणं. डिस्चार्जच्या कागदावर वजन टाकण्याबद्दल काय लिहिलंय ते एकदा बघा. त्यावर बंधन लिहिलेलं असेल, तर इथल्या उभं राहून करायच्या सगळ्या व्यायामांपेक्षा तो कागद मोठा.

शिंप्याची टेप आणि एक वही

महागड्या यंत्रापेक्षा कापड मोजायची टेप जास्त उपयोगी पडते. रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, पाय होईल तितका सरळ ठेवून, वाटीच्या बरोबर मध्यावरून घेर मोजा. टेप कातडीला टेकेल इतकीच, आवळायची नाही. पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंना पेनाने ठिपके काढून ठेवा, नाहीतर रोज वेगळ्या जागी मोजाल. पट्टी असेल तर पट्टीवरूनच मोजा, फक्त रोज तसंच. आकडा वहीत लिहा. दुसऱ्या गुडघ्याचा घेर एकदा लिहून ठेवलात की पुरे.

वाचायचं असं: सूज साधारण पहिल्या आठवड्याच्या शेवटी सर्वांत जास्त असते आणि मग हळूहळू उतरायला लागते. म्हणजे तुमच्याकडे आकडा आता उतरणीला लागलेला असायला हवा. कालच्या सकाळपेक्षा आज अर्ध्या सेंटिमीटरचा फरक असेल तर तिकडे लक्ष देऊ नका. एक सेंटिमीटर किंवा जास्त वाढला असेल तर काल काहीतरी जास्त झालंय. व्यायाम बंद करायचा नाही, पण आजचं काम तिसऱ्या हिश्शाने कमी करायचं आणि बर्फ वाढवायचा. हा कामचलाऊ नियम आहे, पण 'आज जरा जड वाटतंय' यापेक्षा भरवशाचा.

बहुतेक वेळा दोषी व्यायाम नसतो, चालणं असतं. 'आज मी पाऊण तास चालले' हे कौतुकाने सांगितलं जातं आणि दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म फुगतो, मांडी आणखी ढिली पडते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एका वेळी 5 ते 10 मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा, एवढं पुरतं. चालण्याने दम वाढतो, पण क्वाड्रिसेप्सची ताकद त्याने फारशी परत येत नाही, कारण माणूस नकळत दुखरा पाय वाचवून चालतो.

बर्फ कापडात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा आणि व्यायामानंतर हमखास. जखमेच्या बाहेरच्या अंगाला कातडी बधिर असते (तिथली बारीक नस छेदात कापली जाते), त्यामुळे गार चटका बसला तरी कळत नाही. कापड विसरू नका. पाय उंच ठेवताना उशा पोटरी आणि टाचेखाली घ्यायच्या. गुडघ्याखाली उशी कधीही नाही, रात्रीही नाही. तिथे उशी ठेवली की बरं वाटतं, आणि म्हणूनच गुडघा वाकलेला राहायची सवय लागते.

सरळपणा हा ताकदीचाच प्रश्न

गुडघा किती वाकतो याची सगळे चौकशी करतात. किती सरळ होतो, हे फारसं कोणी विचारत नाही. वास्तविक पूर्ण सरळ गुडघ्यावर उभं राहायला मांडीला जवळजवळ कष्ट पडत नाहीत. तोच गुडघा 10-15 अंश वाकलेला राहिला तर उभं असताना क्वाड्रिसेप्सला सतत ओढून धरावं लागतं. आधीच अर्ध्यावर आलेला स्नायू त्यात थकतो आणि माणूस लंगडतो.

म्हणून दिवसातून तीन-चार वेळा टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून पाय 5 ते 10 मिनिटं तसाच राहू द्या. पोटरी आणि लवण (गुडघ्याची मागची बाजू) अधांतरी, बोटं छताकडे. पाय बाहेरच्या अंगाला कलंडला तर गुडघा सरळ न होताच वेळ निघून जाते. बाजूला उशी लावून तो नीट धरा. लवणीत ताण जाणवेल, तो अपेक्षित आहे. कोणी वरून गुडघा दाबायचा नाही.

वाकवण्याचं थोडक्यात: झोपून टाच गादीवर सरकवत जवळ आणणं आणि खुर्चीत बसून पाऊल मागे सरकवणं, 10 ते 15 वेळा, दिवसातून तीन-चारदा. दोन-तीन आठवड्यांत 90 अंशांच्या आसपास पोहोचलं की चिंता नाही. झोपवून पाय आपोआप वाकवणारं सीपीएम यंत्र भाड्याने आणायची गरज साध्या, गुंतागुंत नसलेल्या ऑपरेशननंतर नसते. त्यात स्नायू काहीच करत नाही.

मांडी आवळणं, पण खरोखर

सगळ्यांना शिकवला जाणारा आणि सर्वांत जास्त चुकणारा व्यायाम हाच. आईंना पाठीवर झोपवा किंवा पाठीला टेकू देऊन पाय लांब करून बसवा. तुम्ही अंगठा आणि पहिलं बोट वाटीच्या वरच्या कडेवर अलगद ठेवा. आता त्यांना पाऊल स्वतःकडे ओढून लवण गादीत दाबायला सांगा. स्नायू खरोखर आवळला गेला तर वाटी तुमच्या बोटांखालून मांडीच्या दिशेने सरकते आणि वाटीच्या वर, आतल्या अंगाला गोळा कडक होतो. वाटी हललीच नाही तर व्यायाम झालेलाच नाही, मग त्यांनी कितीही जोर लावलेला असो.

वाटी न हलता जोर जातो तो तीन ठिकाणी. एक, ढुंगण आवळलं जातं. हात खाली घालून बघा, तिथे कडक आणि मांडी मऊ लागली तर हेच चाललंय. दोन, टाच गादीत रुतवली जाते, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू काम करतोय. टाच गादीवरून थोडी उचलली जायला हवी. तीन, श्वास कोंडून सगळं अंग ताठ केलं जातं. मोठ्याने पाच आकडे मोजायला लावा, श्वास आपोआप सुटतो.

तरीही मांडी ऐकत नसेल तर दोन्ही पायांच्या मांड्या एकदम आवळायला सांगा. चांगल्या पायाबरोबर दुखऱ्याला पुष्कळदा वाट सापडते. किंवा मांडीच्या आतल्या भागावर बोटांनी टकटक करत 'इथे आवळा' म्हणा. साधं वाटतं, पण उपयोग होतो. पाच सेकंद धरायचं, तीन सेकंद पूर्ण सोडायचं, असं 10 वेळा. दिवसभर जागेपणी दर दोन तासांनी. एकाच वेळी 80 करून मोकळं होण्यात अर्थ नाही. तिसाव्या वेळेपर्यंत वाटी हलायची थांबलेली असते.

तीन-चार दिवस नीट करूनही वाटी जेमतेमच हलत असेल तर फिजिओथेरपिस्टना विजेच्या उत्तेजनाबद्दल विचारा. पहिल्या काही दिवसांतच हे सुरू केलं तर मांडीची ताकद लवकर परत यायला मदत होते, हे चांगल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. पद्धत साधारण अशी: मांडीवर दोन मोठे पॅड, गुडघा वाकवून पाय बांधलेला, आणि सोसेल तितका जोरदार प्रवाह देऊन दिवसातून दोन वेळा 15-15 आकुंचनं. नुसत्या मुंग्या येतात ते दुखणं कमी करणारं यंत्र वेगळं, त्याने ताकद येत नाही. यात मांडी डोळ्यांना दिसेल अशी आवळली गेली पाहिजे आणि त्याबरोबर रुग्णानेही आपणहून जोर लावायला हवा. पेसमेकर असेल तर हा विषय सोडून द्या. पॅड जखमेपासून लांब.

पुढची पायरी

वाटी दर वेळी सरकू लागली की गुडघ्याखाली साधारण 15 सेंटिमीटर जाडीची घट्ट वळकटी ठेवा. मांडी वळकटीवरच टेकलेली ठेवून फक्त टाच उचलायची, गुडघा पूर्ण सरळ करायचा, वर पाच सेकंद थांबायचं आणि तीन मोजत खाली. शेवटचे काही अंश हीच खरी परीक्षा असते. लॅग तिथेच असतो. सुरुवातीला टाचेखाली हात देऊन तुम्ही ती वर न्या आणि वर गेल्यावर हात अलगद काढा. धरून ठेवणं स्वतः उचलण्यापेक्षा सोपं असतं, आणि उतरवताना स्नायू जास्त शिकतो. 8 ते 10 वेळा, दिवसातून तीनदा. व्यायाम संपला की वळकटी लगेच काढा, कारण तीही गुडघ्याखालची उशीच.

पाय सरळ उचलायचा व्यायाम त्यानंतर. आधी मांडी आवळायची, वाटी वर सरकलेली दिसली की मगच टाच उचलायची, दुसऱ्या पायाच्या वाकवलेल्या गुडघ्याच्या उंचीच्या वर नाही. बाजूला बसून गुडघ्याकडे बघा. सहाव्या वेळी गुडघा वाकायला लागला तर आजची संख्या पाच. दहाचा हट्ट धरून उरलेले पाच वाकलेल्या गुडघ्याने करण्यात स्नायूला चुकीचीच सवय लागते. कंबर दुखू लागली तर दुसरा पाय पुरेसा वाकवलेला नाही.

पाऊल वर-खाली हलवण्याचा व्यायाम दर तासाला चालू ठेवा, तो रक्ताभिसरणासाठी आहे. मात्र तिसऱ्या महिन्यातही ताकदीचा व्यायाम म्हणून फक्त तोच करणारे लोक असतात. त्यातून मांडीला काहीही मिळत नाही.

खुर्चीतून उठणं आणि दोन वजनकाटे

सगळ्या व्यायामांत एकच निवडायचा झाला तर मी हा निवडेन. आईंना वॉकरने चालता येतंय, म्हणजे आत्ताच सुरू करता येईल. खुर्ची हात असलेली, न घसरणारी, मागे भिंतीला टेकवलेली. बैठक उंच हवी, साधारण 50 सेंटिमीटर. नेहमीची खुर्ची 43-45 ची असते, तेव्हा वर एक कडक उशी ठेवा. पुढे सरकून बसायचं, दोन्ही पावलं एका रेषेत मागे घ्यायची, नाक पावलांच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे झुकायचं आणि उठायचं. बसताना तीन सेकंद घ्यायची, धपकन नाही. 5 वेळा, थोडी विश्रांती, परत 5.

चोरी कुठे होते ते पावलांकडे बघून कळतं. दुखरं पाऊल दोन बोटं पुढे सरकलेलं असेल, तर उठण्याचं सगळं काम चांगला पाय करतोय. आईंनी दिवसाला पन्नास वेळा उठबस केली तरी उजव्या मांडीला त्याचा पत्ता लागत नाही. ही सवय ऑपरेशनच्या आधीपासूनची असते, वर्षानुवर्षं दुखरा गुडघा वाचवलेला असतो, म्हणून दुखणं गेल्यावरही ती आपण होऊन जात नाही.

यावर घरगुती उपाय म्हणजे दोन सारखे वजनकाटे. सुई असलेले घ्या. डिजिटल काटे पुष्कळदा एका आकड्यावर अडकून बसतात. मागे खुर्ची, पुढे वॉकर, बाजूला तुम्ही, आणि आईंचा एकेक पाय एकेका काट्यावर. हात वॉकरवर फक्त टेकलेले. समजा वजन 64 किलो आहे. डाव्या काट्यावर 42 आणि उजव्यावर 22 दिसले, तर त्यांना ते आकडे वाचून दाखवा आणि उजव्यावर 26 आणायला सांगा. 'वजन टाक' म्हटल्याने जे होत नाही ते समोर सुई दिसली की होतं. आधी नुसतं उभं राहून वजन सारखं करणं जमू द्या, मग उठता-बसताना. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत 32-32 च्या जवळ जायचं. काटे जमिनीपासून थोडे उंच असल्यामुळे आईंना एकटीला त्यावर कधीही उभं राहू देऊ नका.

याच दिवसांत ओट्याला किंवा जड टेबलाला धरून दोन्ही टाचा उचलणं, पाय बाजूला नेणं आणि उभ्याने टाच मागे उचलून गुडघा वाकवणं, प्रत्येकी 10, दिवसातून दोनदा. पाय बाजूला नेताना धड दुसरीकडे झुकलं तर उंची कमी करा. कुल्ह्याच्या बाजूचा स्नायू कमकुवत असेल तर चालताना कंबर एका बाजूला पडते, आणि लोक त्याचा दोष नव्या गुडघ्याला देतात.

वजन केव्हा

वजन तारीख बघून बांधायचं नसतं. तीन गोष्टी जमल्या की बांधायचं: पाय सरळ उचलताना 10 च्या 10 वेळा गुडघा वाकत नाही, टेपचा आकडा चार-पाच दिवस स्थिर किंवा उतरता आहे, आणि दुखणं रात्री झोपमोड करत नाही. पुष्कळांना हे तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात जमतं. सुरुवात घोट्याला अर्धा किलोने. 10 चे तीन फेरे स्वच्छ झाले आणि दुसऱ्या सकाळी टेप शांत असली तर आणखी अर्धा किलो. उंच स्टुलावर बसून गुडघा सरळ करताना घाई नको. पाच सेकंद वर, तीन मोजत खाली, झटका नाही.

पायरीचा व्यायाम चौथ्या आठवड्याच्या सुमारास. 10 सेंटिमीटरचा घट्ट पाट किंवा लाकडी ठोकळा, शेजारी धरायला काहीतरी. दुखरा पाय वर ठेवून त्याच्याच जोरावर वर चढायचं. खालच्या पायाने उडी मारली की व्यायाम चुकला. खालच्या पायाचा चवडा उचलून फक्त टाच टेकवा, म्हणजे ढकलताच येत नाही. गुडघा आत कलला तर कमी उंचीची पायरी घ्या. 10 सोपी झाली की 15, आणि पुढून खाली उतरण्याचा व्यायाम सर्वांत शेवटी, 5 ते 10 सेंटिमीटरपासून. जिना वापरताना मात्र सध्या जुना नियम पाळा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, आणि कठडा सोडायचा नाही.

इथे एक मतभेद आहे, तो तुम्हाला पुढे ऐकू येईल. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की जास्त तीव्रतेचा ताकदीचा व्यायाम पहिल्या सात दिवसांतच सुरू करावा. दुसरीकडे, अगदी सुरुवातीपासून यंत्रांवर वाढतं वजन उचलायला लावलेल्यांची तुलना बेताच्या व्यायामाशी केली तेव्हा काही चांगल्या चाचण्यांत शेवटी फारसा फरक दिसला नाही. माझ्या मते यात विरोध नाही. तीव्रता किलोंमध्ये मोजली की गोंधळ होतो. बाराव्या दिवशी आईंची स्वतःची टाच पूर्ण सरळ वर धरून ठेवणं, आठव्या वेळी मांडी थरथरेपर्यंत, हाच त्यांच्यासाठी जड व्यायाम आहे. थरथर म्हणजे इजा नव्हे, स्नायू त्याच्या सीमेवर काम करतोय इतकंच. उलट सहाव्या आठवड्यानंतर सूज नसताना कोणी अर्ध्या किलोवरच 30-30 वेळा पाय हलवत असेल तर ते फार कमी आहे. तेव्हा 8 ते 12 वेळांत थकवेल एवढा भार हवा, एक दिवसाआड, आणि तोही पुढे कित्येक महिने. मांडीची ताकद भरून यायला वर्षाच्या आसपास लागू शकतं.

दुखणं किती चालेल? दहापैकी चार-पाचपर्यंत व्यायाम करताना चालतं, दीड-दोन तासांत मूळ पातळीवर आलं पाहिजे. वेदनाशामक गोळी लिहून दिली असेल तर व्यायाम तिच्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने ठेवा. गोळ्या आपणहून वाढवायच्या नाहीत, आणि 'सवय लागेल' म्हणून दुखत असताना एकदम बंदही करायच्या नाहीत. दुखऱ्या गुडघ्याची मांडी आवळली जात नाही. गुडघा काही महिने गरम लागणं, आत टकटक आवाज येणं, मांडीवर आणि पोटरीवर निळसर डाग उतरत जाणं, हे बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं.

व्यायाम थांबवून फोन करायची कारणं वेगळी आहेत. जखमेतून पाणी किंवा पू येणं, पट्टी परत परत ओली होणं, लाली पसरत जाणं, थंडी वाजून ताप येणं. एकाच पोटरीत नवं दुखणं आणि घट्ट सूज. पाऊल किंवा अंगठा वर उचलता न येणं. आणि छातीत दुखून अचानक दम लागला तर फोनवर वेळ न घालवता थेट आपत्कालीन विभागात.

तर येत्या आठवड्याचं आईंसाठी असं ठेवा. रोज सकाळी टेप. दर दोन तासांनी मांडी आवळणं 10, त्यातलं निदान दोन वेळा तुमची बोटं वाटीवर. वळकटीवर टाच उचलणं 8, तीनदा. टाचेखाली टॉवेल, तीन-चारदा. वाकवणं ठरल्याप्रमाणे. उंच खुर्चीतून उठणं 5 आणि 5, सकाळ-संध्याकाळ. चालणं छोटं छोटं. पाय सरळ उचलणं दिवसातून एकदा फक्त तपासण्यापुरतं, तीन वेळा, आणि टाच सुटताना गुडघा वाकतो की नाही ते वहीत. टाके काढायला जाल तेव्हा ती वही बरोबर न्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातही लॅग तसाच दिसत असेल, तर सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट दोघांनाही आकडे दाखवून विजेच्या उत्तेजनाचं तेव्हाच ठरवून घ्या.